फिरलं एकदाचं कालचक्र!

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या कादंबरीमालेवरची मालिका १९ नोव्हेंबर २०२१ला प्राइम व्हिडिओवर आली, तीही एकदम तीन भाग घेऊन. ते तीन भाग बघताना पहिल्याच मिनिटात लक्षात येतं, की ही कथा आता मोरेन या जादूगारणीची झाली आहे. कादंबरीत आपण जवळजवळ सगळं जग रँड नावाच्या मेंढपाळ पोराच्या डोळ्यांनी बघतो. पडद्यावर मात्र सुरुवातच होते ती बोटात अंगठी चढवून मोहिमेवर निघणाऱ्या मोरेनपासून, म्हणजे रोझमंड पाइकपासून. जगाला तारणारा किंवा बुडवणारा ‘ड्रॅगन’ गावातल्या कुठल्या तरुणाच्या रूपात पुन्हा जन्मलाय, हेही मालिका झाकून ठेवते आणि संशयितांच्या यादीत मुलींनाही बसवते. पुस्तकात ही यादी फक्त तीन मुलांची होती.

मला हा बदल मनापासून पटला. या जगात जादूची शक्ती सुरक्षितपणे वापरू शकतात त्या फक्त बायका. पुरुषांनी तिला हात घातला की ते हळूहळू वेडे होतात. म्हणजे सत्तेची सगळी उतरंडच उलटी. अशा गोष्टीच्या मधोमध बाई उभी राहिली, तर ते मूळ कथेशी इमान राखणंच झालं.

पहिल्या भागातला ट्रोलॉक या राक्षसी प्राण्यांचा हल्लाही तसाच. कादंबरीत त्या रात्री रँड गावाबाहेरच्या मळ्यावर असतो, त्यामुळे गावातली लढाई वाचकाला दिसतच नाही, फक्त दुसऱ्या दिवशीची राख दिसते. मालिकेत ती लढाई डोळ्यांसमोर घडते. मोरेन चक्क सरायीच्या भिंतीचे दगड उपसून शत्रूवर फेकते तेव्हा अंगावर काटा येतो.

चेहरे ओळखीचे

तिसऱ्या भागाच्या शेवटी पिंजऱ्यातला कैदी मान वर करतो आणि ‘मनी हाइस्ट’चा प्रोफेसर समोर येतो! स्पेनचा आल्वारो मोर्ते इथे स्वतःला ड्रॅगन म्हणवणारा लोगेन झालाय. रँडचा बाप टॅम म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला थंड डोक्याचा रूझ बोल्टन, मायकेल मॅकेलहॅटन. इथे तो इतका प्रेमळ आहे, की विश्वास बसायला वेळ लागतो. ‘लायन’ चित्रपटात हरवलेल्या सरूची आई झालेली प्रियांका बोस चौथ्या भागापासून जादू करणाऱ्या बायकांच्या हिरव्या पंथाची अलाना म्हणून येते, आणि काय रुबाबात वावरते! गावातली एक मुलगी एग्वेन झालेल्या मॅडेलिन मॅडनने तर २०१०मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, आदिवासींच्या प्रश्नावर ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवरून सगळ्या देशाला उद्देशून भाषण केलं होतं.

मालिकेचा कर्ताधर्ता रेफ जडकिन्स हा ‘सर्व्हायव्हर’ या रिअ‍ॅलिटी शोचा स्पर्धक. २००५च्या ग्वाटेमाला पर्वात तो तिसरा आला होता. आणि मोरेन होता होता पाइकने ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ या पहिल्या कादंबरीचं ऑडिओबुकही वाचून दिलं. लांबलचक पुस्तक आहे ते!

लेखकाची गोष्ट

जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर गनर, मग भौतिकशास्त्राची पदवी, मग नौदलासाठी अणुअभियंता, आणि त्यानंतर लेखक. या मालेतली पहिली कादंबरी १९९०ची. पुढे पसारा असा वाढला, की एकूण मजकूर ४० लाख शब्दांच्या पलीकडे गेला. २००७मध्ये जॉर्डन गेला तेव्हा शेवट लिहायचा राहिला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने, जो शाळकरी वयापासून या पुस्तकांचा भक्त होता, लिहिलेली श्रद्धांजली तिच्या वाचनात आली आणि तिने काम त्याच्यावर सोपवलं. एका पुस्तकाची तीन पुस्तकं झाली, २०१३ साली चौदावी कादंबरी आली. शेवटचा प्रसंग मात्र जॉर्डनने स्वतःच लिहून ठेवला होता. नवऱ्याच्या जगाची अशी राखण करणारी संपादक साहित्यात विरळाच.

रात्री दीडचा प्रयोग

या मालिकेआधीचीही एक गंमत. फेब्रुवारी २०१५मध्ये अमेरिकेत एफएक्सएक्स वाहिनीवर, रात्री दीड वाजता, कसलाही गाजावाजा न करता ‘विंटर ड्रॅगन’ नावाचा अर्ध्या तासाचा भाग दाखवला गेला. कारण पडद्यावरच्या हक्कांची मुदत संपत आली होती. त्यात ‘टायटॅनिक’मधला बिली झेन होता! आपल्याला न सांगता हे केलं, असं हॅरिएटने जाहीर केलं.

नव्या मालिकेने मात्र प्रागमध्ये स्टुडिओ थाटला आणि त्याला नाव दिलं जॉर्डन स्टुडिओज.

एक खटकलेली गोष्ट

त्या तीन मुलांपैकी पेरिन पहिल्या पुस्तकात अविवाहित आहे. मालिकेने त्याला बायको दिली आणि पहिल्याच भागात हल्ल्याच्या गोंधळात तिला त्याच्याच हातून मारलं. हिंसेशी त्याचा झगडा पुस्तकात फार हळुवार उलगडतो. तो चटकन दाखवण्यासाठी एका बाईचा जीव घेणं मला पटलं नाही, आणि बायकांना केंद्रस्थानी आणणाऱ्या मालिकेत तर ते आणखीच बोचतं.

युगं पुन्हा पुन्हा येतात, माणसं पुन्हा जन्मतात, हा या कथेचा पाया आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या चाकाला आरे सात, प्रत्येक आरा म्हणजे एक युग. पुढे तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात ही कल्पना खरी फुलली. रँडचं काम करणारा डच नट जोशा स्ट्राडोव्स्की तिथे रँडचे पूर्वजही एकामागून एक स्वतःच साकारतो, आणि इतिहास आजपासून मागे मागे उलगडत जातो. मे २०२५मध्ये मालिका बंद झाल्याची बातमी आली, कथा अर्ध्यावरच राहिली. तरीही सांगते, त्या एका भागासाठी पहिले दोन सीझन जरूर बघा.