पाळणाघराचा दुसरा दरवाजा

आपल्या बेटावर एक काळ असा होता की आई उसाच्या शेतात कामाला गेली तरी मूल सांभाळायला घरी आजी असे, आजी नसली तर काकू असे, आणि तीही नसली तर अंगणापलीकडची शेजारीण असे. वाकोआ, कास्कावेल किंवा ब्लॅक रिव्हरकडच्या आपल्या जुन्या कुटुंबांना पाळणाघर ही वस्तू ठाऊकच नव्हती. पुढे १९७० साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला, कापडाचे कारखाने उभे राहिले आणि हजारो स्त्रिया सकाळी डबा घेऊन बसथांब्यावर उभ्या राहू लागल्या. शेजारीणही कारखान्यात जाऊ लागली, आणि काही वर्षांनी जी आजी झाली तीही नोकरीतच होती. ‘क्रेश’ हा शब्द मराठी घरांतही रुळला तो असा. १९८० नंतरच्या दशकात निर्यात क्षेत्रातील कामगारांसाठी कल्याण निधी स्थापन झाला, त्यानेही मुलांसाठी अशी केंद्रे चालविली. आज तर मूल तीन-चार महिन्यांचे झाले की त्याला कोठे ठेवावयाचे हा प्रश्न प्रत्येक तरुण जोडप्यापुढे असतो.

यात वाईट काही नाही. चांगल्या क्रेशमध्ये मूल चार मुलांत मिसळते, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. आजीच्या लाडांपेक्षा ते कधी कधी बरेही असते (आजीवर्गाने आम्हाला क्षमा करावी). परंतु मूल तेथे घालताना आईबाप विचारतात काय? महिन्याची फी किती, वेळ कोणती, दूध घरून द्यावयाचे की तेथे मिळते, मूल रडले तर बाई रागावत तर नाहीत ना. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. त्यानंतर भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेल्या कागदाकडे एक नजर जाते आणि ‘परवाना आहे ना, मग झाले’ असे म्हणून मंडळी परततात. तो कागद काय सांगतो, आणि काय सांगत नाही, याविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे.

मॉरिशसमध्ये तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची क्रेश कुटुंब कल्याणाचे काम पाहणाऱ्या मंत्रालयाच्या देखरेखीखाली येतात. तीन वर्षांवरील मुलांच्या बालशाळा वेगळ्या प्राधिकरणाकडे आहेत, त्याचा कायदा २००७ चा. क्रेशसाठीचे नियम २००० साली, १९९४ च्या बाल संरक्षण कायद्याखाली झाले. तो जुना कायदा जाऊन २०२० चा नवा बाल कायदा आला आणि जानेवारी २०२२ पासून तो अमलात आहे. शिस्तीच्या नावाखाली मुलाला मारणे किंवा त्याचा अपमान करणे हेही या कायद्याने बंद केले. क्रेश उघडू इच्छिणाऱ्या बाईंना मंत्रालयाच्या एकट्या नोंदणीने भागत नाही. त्या जागेचा असा वापर करण्यास नगरपालिकेची किंवा जिल्हा कौन्सिलची परवानगी लागते, अग्निशामक दलाचे प्रमाणपत्र लागते, आरोग्य खात्याची संमती लागते. इतक्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात म्हणून पुष्कळ बाया कुरकुरतात. त्यांची कुरकुर आम्हाला समजते. पण प्रत्येक खात्याचा माणूस वेगळी गोष्ट पाहावयास येतो हे ध्यानात घेतले पाहिजे. आरोग्याचा अधिकारी पाहतो की बाळांचे लंगोट बदलण्याची जागा आणि दुधाच्या बाटल्या धुण्याची जागा एक तर नाही. मंत्रालयाचा अधिकारी मुलांची संख्या आणि सांभाळणाऱ्या बायांची संख्या यांचा मेळ घालतो. अग्निशामक दलाचा माणूस मुलांकडे पाहतच नाही. तो दरवाजे मोजतो.

हे दरवाजे मोजणे किती महत्त्वाचे आहे ते एका दूरच्या गावाने जगाला दाखविले. मेक्सिको देशात एर्मोसिलो नावाचे शहर आहे. तेथे सामाजिक विमा संस्थेच्या वतीने खाजगी लोक एक पाळणाघर चालवीत. इमारत मूळची गोदामाची, तिला आतून रंगरंगोटी करून मुलांसाठी सजविलेले. शेजारी भिंतीला भिंत लागून सरकारी वित्त खात्याचे गोदाम होते. ५ जून २००९ रोजी दुपारी त्या गोदामात आग लागली आणि छपरातून पाळणाघरात शिरली. आतल्या छताला फेसाचे, प्लास्टिकच्या जातीचे आवरण होते. ते जळत खाली कोसळले आणि विषारी धूर झाला. झोपेच्या वेळेला मुले आत होती. संकटकाळी म्हणून ठेवलेला दरवाजा उपयोगी पडला नाही. शेवटी एका माणसाने आपली मालवाहू मोटार भिंतीवर पुन्हा पुन्हा आदळून तिला भोके पाडली आणि त्यातून मुले बाहेर काढण्यात आली. ४९ बालके दगावली.

आता जे सांगतो ते नीट वाचावे. त्या पाळणाघराकडे परवाना होता. इतकेच नव्हे, आगीच्या दहाच दिवस आधी, २६ मे रोजी, त्याची तपासणी होऊन ते पासही झाले होते. मेलेल्या मुलांच्या आईबापांनी पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि २०११ साली मेक्सिकोत पाळणाघरांसाठी नवा राष्ट्रीय कायदा झाला. लोक त्याला ‘५ जूनचा कायदा’ म्हणूनच ओळखतात. परंतु आधीचा कागदही खोटा नव्हता, शिक्के खरेच होते. नकाशावर दरवाजा होता आणि आणीबाणीत तो कामाचा ठरला नाही, एवढाच फरक.

मेक्सिको आपल्यापासून फार लांब आहे असे कोणी म्हणेल. आमची घरे सिमेंटची, ती कशी जळतील? १९६० च्या कॅरोल वादळाने पत्र्याची आणि लाकडाची घरे उडविली तेव्हापासून आपण काँक्रीटची घरे बांधीत आलो, हे खरे. भिंत जळत नाही. पण भिंतीच्या आत फोमच्या गाद्या, रंगीत चटया, प्लास्टिकची खेळणी आणि पडदे असतात, आणि आगीत बहुतेक माणसे ज्वाळांनी नव्हे तर धुराने मरतात. शिवाय आपल्या घरांची एक खास सवय आहे. चोराच्या भीतीने प्रत्येक खिडकीला आपण लोखंडी गज बसवितो, ज्याला सारे बेट ‘आंतिव्होल’ म्हणते. पुढच्या दाराला जाळीचे दुसरे दार, त्याला कुलूप. फाटकाला आणखी एक कुलूप, कारण मूल रस्त्यावर धावू नये. यातली प्रत्येक गोष्ट मुलाच्या भल्यासाठीच केलेली असते. आणि ज्या क्रेशसाठी राहते घर वापरले आहे तेथे मागच्या बाजूचा दरवाजा बहुधा स्वयंपाकघरातून जातो, म्हणजे जेथे आग लागण्याचा संभव अधिक त्याच खोलीतून. अग्निशामक दलाच्या माणसाने पाहिले त्या दिवशी दार मोकळे होते. पुढच्या महिन्यात तेथे गॅसची जादा बाटली आली, मग जुना पाळणा आला, मग तांदळाचे पोते. कोणी मुद्दाम केले नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की क्रेश पाहावयास जाल तेव्हा पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ‘बाई, दुसरा दरवाजा दाखवा’ असे म्हणा. तो तुमच्यादेखत उघडावयास लावा. किल्ली शोधावी लागली तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. लाल रंगाच्या आग विझविण्याच्या नळकांड्यावर एक लहान काटा असतो, तो हिरव्या भागात आहे का, आणि तपासणीची तारीख कोणती लिहिली आहे, हे पाहावयास अर्धे मिनिट पुरते. मग विचारा, आग लागली तर न चालणारी बाळे कोण उचलील? एका बाईला दोन हात असतात. फार तर दोन बाळे. आठ बाळे आणि एकच बाई असेल तर बाकीच्या सहांचे काय, हा साधा हिशेब आहे, त्याला शाळेतले गणित पुरे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक मोठे माणूस असा नियम आहे तो काही चैन म्हणून नाही.

आगीविषयी आम्ही इतके लिहिले, परंतु खरे पाहता क्रेशमधील रोजचे धोके याहून निमूट असतात. बाळाला पालथे निजविणे हा त्यातला एक. आपल्या जुन्या बाया बाळाला पालथे घालीत, खाली मऊ गोधडी, डोक्याखाली उशी. त्यात माया होती. पण १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत बाळांना पाठीवर निजविण्याचा प्रचार झाला, आणि निरोगी बाळ झोपेतच अचानक दगावण्याचे प्रमाण पुढील काही वर्षांत निम्म्यावर, कोठे त्याहूनही खाली आले. बाळ उताणे, गादी टणक, पाळण्यात उशी नाही, खेळणे नाही. दुसरा धोका पाण्याचा. रांगणारे मूल बादलीत डोकावते, तोल जाऊन डोके खाली जाते आणि त्याला परत वर येता येत नाही. पाच सेंटिमीटर पाणीही पुरते. नळाचे पाणी जाईल म्हणून न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली आपल्याकडे घरोघरी असते. ती झाकलेली आहे का? तपासणीच्या दिवशी ती रिकामीच असणार.

मारहाणीचा प्रश्न उरतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघर येथे दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरातील बाईने मारले. ते कॅमेऱ्यात दिसले म्हणून उघडकीस आले, आणि पाळणाघरांवर देखरेख कोणाची हा प्रश्न त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राने विचारला. कॅमेरा असावा, आमचे त्याला दुमत नाही. पण कॅमेरा मागाहून सांगतो. न कळविता दुपारी एकदा जाऊन पाहणारी आई अधिक कामाची. जे केंद्र आईबापांना आगाऊ कळविल्याशिवाय आत घेत नाही तेथे मूल ठेवू नये, मग चौकटीत कितीही कागद असोत.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. नियम कडक केले की खर्च वाढतो, खर्च वाढला की फी वाढते, आणि ज्या आईचा पगार थोडा ती मुलाला गल्लीतल्या एखाद्या नेनेनकडे ठेवते, जिच्या घराची कोणी तपासणी केली नाही आणि करणारही नाही. ती बाई प्रेमळ असते, पुष्कळदा आपल्याच नात्यातली असते. तिला गुन्हेगार ठरवून काय साधणार? तिच्या दारावर नोटीस चिकटविली तर तिच्याकडची सहा मुले उद्या सातव्या घरी जातील. आम्हाला वाटते, अशा बायांना नोंदणीसाठी मुदत द्यावी, दुसरा दरवाजा काढण्यास किंवा एका खिडकीचे गज आतून उघडणारे करण्यास कर्जाऊ पैसे द्यावे. आपल्या मंडळांकडेही सभागृहे आहेत, गणेशोत्सवात त्यांत शेकडो माणसे जेवतात. वर्षातून एका रविवारी तेथे अग्निशामक दलाचा माणूस बोलावून या बायांना शिकविता येईल. मात्र सवलत कोठे द्यावी यालाही सीमा आहे. खेळणी कमी असली तर चालेल, भिंतीचा रंग उडाला असला तरी चालेल. बाहेर पडण्याच्या वाटेत सवलत नाही.

आणि पावसाचे विसरू नये. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईसमध्ये अचानक पूर येऊन अकरा माणसे गेली. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या वेळी त्याच शहरात रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. अशा दिवशी आईबाप वाटेत अडकतात. तोपर्यंत मुले कोणत्या खोलीत थांबणार, ती खोली नाल्याच्या पातळीच्या वर आहे का, प्यावयाचे पाणी आणि दूध किती वेळ पुरेल, हे क्रेशच्या बाईंनी सांगावयास हवे. आईबापांनीही एक काम करावे. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जावर टेलिफोनचा जो नंबर लिहिला होता तो अजून तोच आहे का, आणि मुलाला न्यावयास तुमच्याऐवजी कोण येऊ शकते त्याचे नाव तेथे लिहिले आहे का, हे येत्या सोमवारी सकाळी मूल सोडताना पाहून घ्यावे.