मंत्रालयातला ‘एचआर सल्लागार’ नक्की करतो काय? आणि त्याच्या हाताखालची नोकरी सरकारी असते का?

(ऑडिओ भागाचा लेखी मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातलं थोडं सावरून घेतलंय.)

तुमच्यातले निम्मे जण हे दिवा स्टेशनवर ऐकत असणार, पहिली गाडी सोडून दुसरीची वाट बघत. दिवा पूर्वेहूनच एकाचा व्हॉइस मेसेज आला, त्यावर आजचा भाग. तो म्हणतो, “दादा, मला मंत्रालयात एका विभागात घेतायत. एचआर कन्सल्टंटची टीम आहे, त्यात डेटाचं काम. आईने पेढे पण वाटले. पण मित्र म्हणतो ही सरकारी नोकरी नाहीच. नक्की काय ते सांग ना.”

पेढे वाटून झालेत, म्हणजे प्रश्न साधा नाही. नीट बघू.

आधी एचआर सल्लागार. खासगी कंपनीत एचआर म्हटलं की आपल्याला मुलाखत घेणारी, ऑफर लेटर पाठवणारी व्यक्ती आठवते. सरकारात तसं नाही. इथे सल्लागार कोणालाही नोकरी देत नाही. तो कागद तयार करतो. कोणता कागद? मुख्य म्हणजे आकृतीबंध. एखाद्या विभागात किती पदं, कोणत्या दर्जाची, कोणाच्या हाताखाली, याचा मंजूर तक्ता. बरेच आकृतीबंध जुने असतात. टाइपरायटरच्या काळातली पदं कागदावर आहेत, पण संगणकावर काम करणाऱ्या माणसासाठी पदच नाही, असंही होतं. मग सल्लागाराची टीम येते. एका टेबलावर रोज किती फाइली येतात, एक फाइल किती दिवस थांबते, तेच काम दोन जागी होतंय का, हे मोजते आणि सांगते की इतकी पदं कमी करा, इतकी नवी मागा.

दुसरं काम सेवाप्रवेश नियमांचे मसुदे. त्या पदाला पात्रता काय, बढतीने किती भरायची, सरळसेवेने किती. हे नियम संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली होतात, त्यामुळे मसुदा कोणीही लिहिला तरी शेवटचा शब्द सरकारचाच. तिसरं प्रशिक्षण. केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केलं. त्यातून आयगॉट हे ऑनलाइन व्यासपीठ आलं आणि प्रत्येक पदाची भूमिका, कामं, लागणाऱ्या क्षमता लिहून काढायची पद्धत आली. ते लिहायलाही बाहेरची माणसं घेतली जातात.

आता खरी मेख. सल्लागार फाइलवर सही करत नाही. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी फाइल वर चढते. नवं पद म्हटलं की वित्त विभाग विचारतो, पैसा कुठून? सामान्य प्रशासन विभाग विचारतो, नियमात बसतं का? महापालिकेचं असेल तर नगरविकास विभागाची मंजुरी, शिवाय आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट. सल्लागाराचा अहवाल कितीही चकचकीत असो, या दारांतून गेल्याशिवाय एक शिपाईसुद्धा नेमला जात नाही. आणि गंमत बघा, कायमची पदं किती हवीत हे सांगणारा हा माणूस स्वतः बहुतेक वेळा करारावरच असतो!

म्हणजे सल्लागार वेगळा. पण त्याच्या आजूबाजूला आणखी दोन जण उभे असतात आणि आपण तिघांना एकच समजतो. एक म्हणजे परीक्षा घेणारी कंपनी. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले, आठवत असेल. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याने ठरवलं की एमपीएससीच्या बाहेरच्या सरळसेवा परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस घेतील. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला फी १,००० रुपये, राखीवला ९००. फी जास्त होती असं माझंही मत आहे. पण या कंपन्या फक्त परीक्षा घेतात. नेमणूक सरकार करतं, कायम पदावर. आपल्याकडे २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने ४९० आणि ठाणे महापालिकेने १,७७३ जागांची जाहिरात काढली, ती या प्रकारची भरती.

दुसरा म्हणजे मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी, आणि आपल्या मित्राचा प्रश्न इथेच अडकलाय. ६ सप्टेंबर २०२३ ला उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाचा एक शासन निर्णय आला. सरकारी कार्यालयांना माणसं पुरवायला नऊ एजन्सी. पदांचे चार गट: अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. शिपायापासून इंजिनियरपर्यंत सगळं त्यात. माणूस सरकारी कार्यालयात बसणार, काम सरकारचं करणार, पण नोकर एजन्सीचा. पगार सरकार एजन्सीला देणार, वर सेवाशुल्क, आणि एजन्सी तुम्हाला देणार. अभ्यास करणारी पोरं रस्त्यावर उतरली. २० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. कंत्राटी भरतीची सुरुवात आधीच्या सरकारांनी केली, असंही ते म्हणाले. कोणी सुरू केली यावर दोन्ही बाजू भांडत राहतील. आपल्यापुरतं महत्त्वाचं हे की तो एक शासन निर्णय रद्द झाला, बाहेरून माणसं घेण्याची पद्धत नाही. विभाग वेगवेगळ्या निविदा काढून आजही माणसं घेतात.

मग तुम्ही विचाराल, पाच-दहा वर्षं काम केलं तर कायम नाही का करणार? इथे १० एप्रिल २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल आडवा येतो. नियमाप्रमाणे भरती न होता आलेल्या कंत्राटी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही, असं त्यात ठरलं. एक सवलत होती: मंजूर रिक्त पदावर दहा वर्षं काम झालं असेल तर एकदाच विचार करा. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायालयाने सरकारांना खडसावलं, की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम कंत्राटावर करून घेऊ नका. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण त्याच्या भरवशावर आयुष्य आखण्याइतकं उघडंही नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या लोकांचं बघा. ते तर एजन्सीचे नाहीत, अभियानाच्याच करारावर आहेत. २५ ऑक्टोबर २०२३ पासून संप केला. १४ मार्च २०२४ ला दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय आला. अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप. अनुभवी नर्स, फार्मासिस्ट, समुपदेशक ही माणसं. त्यांना इतकं झगडावं लागतं, तर एजन्सीमार्फत आलेल्याला काय लागेल याचा अंदाज करा.

याचा अर्थ ही नोकरी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. वर्ष-दोन वर्षं मंत्रालयात बसून शासन निर्णय कसा निघतो, फाइल कुठे अडते हे जवळून बघायला मिळणं वाईट नाही. पुढे स्पर्धा परीक्षेला नाही तर खासगी एचआरमध्ये ते कामी येतं. फक्त काय घेतोय ते माहीत असू दे.

त्या मित्राला मी म्हटलं, पत्राचा फोटो पाठव. पाठवला. वर सरकारची मुद्रा नाही, एजन्सीचं लेटरहेड. मुदत अकरा महिने. पगाराचा एकच आकडा, त्यात पीएफ धरलाय की वेगळा हे लिहिलेलंच नाही. मी सांगितलं, रुजू व्हायच्या आधी हे लेखी विचार. दोघांचे बारा-बारा टक्के असतात आणि काही ठिकाणी मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून वळता करतात. यूएएन नंबर घे, पहिल्या पगारानंतर उमंग ॲपवर पासबुक उघडून बघ. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय लागू होतं का तेही विचार. एजन्सीने पीएफ भरला नाही, तर ज्या कार्यालयात काम करतोस त्यांच्यावरही मुख्य मालक म्हणून जबाबदारी येते, म्हणून हजेरीचा पुरावा जपून ठेव.

आणि ‘सुरक्षा ठेव’, ‘रजिस्ट्रेशन’, ‘साहेबांचे’ असं काहीही म्हणून कोणी पैसे मागितले का, हे विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ओळखीतल्या एकाने पंधरा हजार तयार ठेव म्हणून सांगितलंय. कन्सल्टंट साहेबांना द्यायला लागतात म्हणे.”

वर सांगितलंय ते पुन्हा ऐक म्हटलं. ज्या माणसाला फाइलवर सही करता येत नाही, तो पंधरा हजारांत तुला काय देणार? पैसे दिले नाहीत त्याने. एजन्सीला पीएफबद्दल ईमेल केलाय, उत्तराची वाट बघतोय. कल्याण-डोंबिवलीच्या जाहिरातीत त्याच्या पात्रतेचं पद होतं, पण तेव्हा फॉर्म भरला नव्हता. पुढच्या जाहिरातीसाठी आता कागदपत्रं जमवतोय.