सीताफळाचा गर आणि जिल्ह्यातील उद्योग उबवण केंद्र



बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाचा हंगाम सर्वसाधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर असा चालतो. याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या गावे सोडतात. म्हणजे फळ तोडणीला येते तेव्हा तोडणारे, निवडणारे आणि भरणारे हात कारखान्याच्या वाटेला लागलेले असतात. घरी राहिलेली माणसे पाट्या भरून रस्त्याच्या कडेला बसतात किंवा दारात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या भावाने माल देऊन मोकळी होतात. झाडावरून उतरविलेले सीताफळ साधारण तीन ते पाच दिवसांत पिकते आणि पिकल्यावर एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागते. भाव पसंत नाही म्हणून माल परत घरी आणण्याची सोय या फळात नाही.

बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' या सदराखाली आपल्या जिल्ह्यासाठी सीताफळाचीच निवड झाली. नाव झाले ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मानांकनामुळे फळ एक दिवसही जास्त टिकत नाही, आणि प्रश्न तर नेमका टिकण्याचा आहे. या प्रश्नातून गावातील मुलामुलींना उद्योग उभा करता येईल काय, व त्यासाठी उबवण केंद्राचा उपयोग कसा करून घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

उबवण केंद्र म्हणजे काय?

अंडे उबविण्यासाठी ठराविक ऊब ठराविक दिवस द्यावी लागते. पिल्लू बाहेर आल्यावर ते आपले आपण दाणे टिपते. नव्या उद्योगाचेही तसेच आहे. यंत्रे वापरून पाहण्याची सोय, मालाची तपासणी, हिशेब व परवान्याबाबत सल्ला, थोडे बीजभांडवल आणि पहिले गिऱ्हाईक मिळवून देण्यास मदत, एवढे एका ठिकाणी मिळाले की त्यास उबवण केंद्र म्हणावे. नुसत्या तीन दिवसांच्या शिबिरास व प्रमाणपत्रास हे नाव देऊ नये.

2025 साली बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने सुमारे 191 कोटी रुपये खर्चाचे नवसंशोधन, उबवण व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. वर्षाला सात हजार तरुणांना आधुनिक यंत्रकामाचे प्रशिक्षण देण्याचा त्यामागे उद्देश आहे. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बीड ते अहिल्यानगर रेल्वेही धावू लागली. आता कोणी म्हणेल, यंत्रकामाच्या केंद्राशी शेतकऱ्याचा काय संबंध? माझ्या मते फार जवळचा संबंध आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांना सोडविण्यासाठी खरी अडचण हवी असते, आणि अशा अडचणींचा आपल्याकडे तुटवडा नाही. फक्त त्या कोणी नीट मांडून नेलेल्या नाहीत.

गर काढणे: दिसते सोपे, आहे अवघड

सीताफळ आहे तसे साठवावे म्हटले तर शीतगृहाचा फारसा उपयोग होत नाही. साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेले की साल काळी पडते व फळ नीट पिकत नाही. म्हणून साठवण करावयाची ती गराची. येथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण रंगाची. गर हवेच्या संपर्कात आला की त्यातील विकरांमुळे काही वेळातच तपकिरी पडू लागतो. आइस्क्रीम व रबडी तयार करणाऱ्यांना पांढराशुभ्र गर हवा असतो. रंग गेला की भाव गेला. दुसरी अडचण तापविण्याची. आंब्याचा रस तापवून डब्यात भरता येतो, तसा सीताफळाचा गर भरता येत नाही. साधारण 60 अंशांच्या पुढे तापविला की त्यास कडवटपणा येऊ लागतो. त्यामुळे गर झटपट गोठविणे व उणे 18 अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो. रंग टिकविण्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्लाचा वापर करतात. त्याचे प्रमाण तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

तिसरी अडचण बियांची, आणि यंत्र घेताना हीच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. सीताफळाचे बी विषारी असते. उवांवर बियांची पूड लावण्याची जुनी पद्धत आपण जाणताच. तीच पूड डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. गर काढण्याच्या यंत्रात बी फुटले तर तो गर खाण्यास योग्य राहत नाही. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्याच भागातील फळे घेऊन जावीत, यंत्र चालवून पाहावे आणि चाळणीवर राहिलेले बी हातात घेऊन तपासावे. अखंड बी आणि त्यावर कमीत कमी गर असे दिसले तरच पुढचे बोलणे करावे. डोंगरातील लहान, जास्त बियांचे फळ आणि बागेतील मोठे फळ यांना एकच यंत्र सारखे लागू पडेल असे नाही.

आता हिशेब पाहू. उदाहरणादाखल फळातून 40 टक्के गर मिळतो असे धरू. जातीप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्त होते. 20 रुपये किलो भावाने 100 किलो फळ घेतले तर 2000 रुपयांत 40 किलो गर हाती येतो, म्हणजे फळाचाच खर्च किलोमागे 50 रुपये झाला. नासके फळ 10 किलो निघाले तर गर 36 किलोवर येतो व खर्च 55 रुपयांच्या वर जातो. त्यावर मजुरी, वीज, पिशव्या, वाहतूक, कर्जाचे व्याज. गराचा बाजारभाव पाहून हुरळून जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी आपल्या फळाचा गराचा उतारा मोजावा. धारूर-6 ही निवड आपल्या विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राची आहे. या केंद्रात जाऊन वेगवेगळ्या जातींची फळे कापून पाहिल्यास पुष्कळ गोष्टी उमगतात.

याहून मोठी मेख अशी की हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. नुसत्या सीताफळावर गोठवण घर चालविणे कठीण आहे. मे-जूनमध्ये केशर आंब्याचा रस, इतर दिवसांत पेरू किंवा टोमॅटो, अशी साखळी कागदावर आधी मांडावी. मराठवाड्याच्या केशर आंब्यासही 2016 सालीच मानांकन मिळालेले आहे. वीज गेली तर गोठविलेला माल किती तास तग धरेल व जनित्राचा खर्च किती येईल, हे प्रकल्प अहवालात नसेल तर तो अहवाल अपुरा समजावा.

रेशीमकडून काय शिकावे?

एखादा धंदा जिल्ह्यात कसा रुजतो हे पाहण्यास फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील तुती लागवड करणारे शेतकरी पूर्वी कोष विकण्यासाठी कर्नाटकात रामनगरला जात. शेकडो किलोमीटरचा प्रवास, वाटेत कोषांचे वजन घटणार, आणि इतक्या दूर आल्यावर मिळेल तो भाव घ्यायचा. 2018 साली जालन्याला कोष बाजार सुरू झाला, पुढे बीडच्या बाजार समितीतही खरेदी होऊ लागली. बाजार जवळ येताच लहान लहान धंदे फुटले. कोणी चॉकी केंद्र काढले, म्हणजे अळ्यांच्या पहिल्या दोन, नाजूक अवस्था स्वच्छ व नियंत्रित वातावरणात सांभाळून त्या अळ्या इतरांना विकावयाच्या. कोणी रॅक व जाळ्या पुरवू लागले, कोणी तुतीची रोपे. यांना कोणी स्टार्टअप म्हटले नाही, पण ते तेच होते. एकाने सगळे करावयाचे नसते, हे रेशीमवाल्यांना लवकर उमगले.

सीताफळातही असेच वाटे पाडता येतील. एका गावाने फक्त फळ निवडून, प्रतवारी करून द्यावे. दुसऱ्याने गर काढावा. तिसऱ्याने गोठवण घर सांभाळावे. ऊसतोडीला न जाता गावात दोन महिने रोजगार मिळेल तो पहिल्या दोन कामांत, विशेषतः भगिनींना. मात्र मजुरी आठवड्याला हातात पडली पाहिजे. तोडीची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. तिच्यापुढे 'नफा झाल्यावर वाटू' हे बोलणे टिकत नाही.

पैसा कोठून?

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगास प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवले गेले. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार विभागातून 2018-19 पासून कृषी नवउद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर 5 लाखांपर्यंत व बीज टप्प्यावर 25 लाखांपर्यंत मदत देण्याची पद्धत सुरू झाली. ती उबवण केंद्रामार्फत, निवड होऊन व हप्त्याहप्त्याने मिळते. स्वतःचाही वाटा घालावा लागतो. 2020 च्या कृषी पायाभूत सुविधा निधीत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. योजनांच्या मुदती व अटी बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे खात्री करावी. अनुदान आहे म्हणून यंत्र घेणे हा उलटा क्रम होय. आधी गिऱ्हाईक, मग उतारा, मग यंत्र.

केंद्रात जाताना काय न्यावे?

अंबाजोगाई व गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषि विज्ञान केंद्रे आहेत. तेथे, सीताफळ संशोधन केंद्रात किंवा बीडच्या नव्या केंद्रात जाताना हात हलवीत जाऊ नये. येत्या हंगामात पाच-दहा जणांनी मिळून एक वही ठेवावी. तोडणीची तारीख, डोळे किती उघडले होते व मधील रेषा पिवळसर झाल्या होत्या काय, एकूण वजन, किती दिवसांत पिकले, किती नासले, कोणत्या भावाने व कोणत्या गावी विकले, हे रोजच्या रोज लिहावे. दर आठवड्यास दहा फळे फोडून साल, बी व गर यांची वेगवेगळी वजने घ्यावीत. स्वयंपाकघरातील काटा यास पुरतो. वहीबरोबर एक पेटी फळेही न्यावीत, मात्र ती आदल्या दिवशी तोडलेली कच्ची असावीत आणि पेटीत खाली-वर वाळलेले गवत भरावे.