लावणीचा ताप आणि कारणांची साखळी

कट्टा परिसरात भातलावणीची घाई असते, त्याच सुमारास आपण वर्षावासाच्या वाचनाला बसतो. कारणाशिवाय काही घडत नाही, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद तिथे ऐकतो. तोच नियम शेताच्या चिखलात लेप्टोच्या रूपाने भेटतो. हा ताप नजरेने किंवा बाधेने येत नाही.

उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी जोराचा ताप येतो, डोके व पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. उपचाराला उशीर झाला, तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, जीवही जातो.

साखळीची एक कडी तोडली तरी दुःख टळते. जखम झाकावी, गमबूट घालावेत, घरी येताच साबणाने हातपाय धुवावेत. खरकटे व धान्य उघडे ठेवू नये. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मजुरी बुडेल म्हणून आपण ताप अंगावर काढतो. करुणेची खरी गरज इथेच आहे. शेजारीण आजारी पडली तर तिचे काम आपण वाटून घेऊ, त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेऊ आणि ती चिखलात काम करत होती हे डॉक्टरांना सांगू. अतिसाराने पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, ही त्यांची शिकवण आहे.