थंड हवेतील ॲव्होकॅडो

ॲव्होकॅडो हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतील झाड आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला 'पर्सिया अमेरिकाना' म्हणतात. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर हे आपल्या ओळखीचे वृक्ष ज्या लॉरेसी कुलात मोडतात, त्याच कुलातील हा वृक्ष होय. फळातील गर लोण्यासारखा मऊ असतो. म्हणून तमिळमध्ये त्याला 'वेण्णैप्पळम्' आणि कन्नडमध्ये 'बेण्णे हण्णु' म्हणजे लोण्याचे फळ असे नाव पडले. इतर फळांत साखर असते, तेथे या फळात तेल असते. गोडी नसलेले हे फळ पौष्टिक समजले जाते ते त्यातील स्निग्धांशामुळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेतून हे झाड दक्षिण भारतात आले. तमिळनाडूत ते पळनी, निलगिरी व शेवरॉय डोंगरांच्या उतारांवर, बहुधा कॉफीच्या मळ्यांच्या सोबतीने वाढते. कर्नाटकात कोडगूमध्येही त्याची लागवड आहे. फळ मात्र डोंगरापुरते राहत नाही; ते मैदानातील गावांच्या बाजारात उतरते, आणि फळ खाणाऱ्याच्या हाती एक मोठे, गुळगुळीत, रुजण्यास उत्सुक दिसणारे बी उरते. ते परसात लावावे असा मोह बहुतेकांना होतो. हा मोह सफळ होईल की नाही हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांची माहिती बी मातीत घालण्यापूर्वी करून घेतलेली बरी. कारण चूक उमगेपर्यंत सात-आठ वर्षे सहज निघून जातात.

दोन गावे, दोन हवा

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने परिचित असेल. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी मुक्तांबाळ हिच्या नावाने येथे छत्र, म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्र व धर्मशाळा, उभारले. त्यावरून गावाला मुक्तांबाळपुरम् असेही नाव मिळाले. हा कावेरीच्या पाण्याचा सपाट मुलूख आहे. मेट्टूर धरण 1934 मध्ये पुरे झाले आणि कल्लणै कालव्याचे पाणी या भागात फिरू लागले. भात आणि नारळ ही येथील पिके. जानेवारीतही रात्रीचे तापमान सहसा 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि मे महिन्यात दिवसाचा पारा 38 अंशांच्या घरात जातो.

याच राज्यात, पश्चिमेकडील पळनी डोंगरांच्या खालच्या टप्प्यावर, तडियन्‌कुडिसै येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे फळबाग संशोधन केंद्र आहे. तेथे निवड पद्धतीने 'टीकेडी-1' हा ॲव्होकॅडोचा वाण तयार करण्यात आला. डोंगरातील थंड, दमट हवा आणि उतारावरून निघून जाणारे पाणी या झाडाला मानवते. याउलट निलगिरीच्या माथ्यावर, उदकमंडलम्‌च्या परिसरात, डिसेंबर-जानेवारीत हिमतुषार पडतात आणि कोवळी झाडे करपतात. एकच झाड मैदानात उन्हाने होरपळते, मधल्या उतारावर फळते आणि माथ्यावर थंडीने मरते. तेव्हा 'ॲव्होकॅडो थंड हवेत येतो का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता ॲव्होकॅडो, हे आधी विचारावे लागते.

तीन वंश

ॲव्होकॅडोचे तीन वंश मानले जातात. मेक्सिकन वंश उंच डोंगरांतला. त्याची फळे लहान व पातळ सालीची असतात. पाने चुरगाळली असता बडीशेपेसारखा वास येतो. पूर्ण वाढलेले झाड उणे 6 अंशांपर्यंतची थंडी थोडा वेळ सोसू शकते. ग्वाटेमालन वंशाच्या फळाची साल जाड व खरबरीत असते. त्याची सहनशक्ती उणे 3 अंशांच्या आसपास संपते. तिसरा वेस्ट इंडियन वंश सखल, उष्ण प्रदेशातला. त्याची फळे मोठी व कमी तेलाची असतात, आणि पारा शून्याच्या एक-दोन अंश खाली जाताच त्याला इजा होते.

पाण्यातील व मातीतील क्षारांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा होतो. वेस्ट इंडियन वंश क्षार बऱ्यापैकी सहन करतो; मेक्सिकन वंशाच्या पानांची टोके मात्र लवकर जळतात. म्हणून ओरत्तनाडूसारख्या उष्ण मैदानात कोणी हौसेने झाड लावायचे ठरवलेच, तर त्याने वेस्ट इंडियन वंशाकडे पाहावे, आणि कोवळ्या रोपाला उन्हाळ्यात दाट सावली द्यावी. थंड प्रदेशात राहणाऱ्याने मेक्सिकन वंश किंवा त्याचा संकर शोधावा. एका ठिकाणी वरदान ठरणारा गुण दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरतो.

'फ्युएर्ते' या वाणाची कथा येथे उद्‌बोधक आहे. 1911 मध्ये कार्ल श्मिट याने मेक्सिकोतील आत्लिस्को येथून अनेक झाडांचे डोळे कॅलिफोर्नियात पाठवले. 1913 च्या जानेवारीत तेथे कडाक्याची थंडी पडली आणि बहुतेक कलमे मेली. त्या कसोटीतून जो वाण तगला, त्याला स्पॅनिश भाषेत 'बळकट' या अर्थाचे हे नाव देण्यात आले. तो मेक्सिकन व ग्वाटेमालन वंशांचा संकर समजला जातो.

बी की कलम?

ॲव्होकॅडोचे बी फार दिवस टिकत नाही. वाळले की दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. फळातून काढताच ते धुऊन, रुंद बाजू खाली व टोक थोडे वर राहील असे भुसभुशीत मातीत लावावे. उबदार जागी चार ते आठ आठवड्यांत अंकुर येतो. पेल्यातील पाण्यावर काड्यांच्या आधाराने बी रुजवण्याची रीत मुलांना आनंद देते, पण मुळे फुटताच रोप मातीत हलवले पाहिजे.

बियांपासून झालेले झाड आईसारखे निघत नाही. फळ लागण्यास सहा ते दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि लागलेले फळ उत्तम की निकृष्ट हे त्या दिवसापर्यंत कळत नाही. जगात सर्वाधिक विकला जाणारा 'हास' वाण असाच योगायोगाने मिळाला. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या टपालवाटप्याने 1920 नंतरच्या दशकात काही बिया पेरल्या. त्यांतील एका रोपावर कलम बसेना, म्हणून ते तसेच वाढू दिले गेले. त्याच्या फळाची चव घरच्यांना आवडली आणि 1935 मध्ये हास याने त्या झाडाचे स्वामित्व नोंदवले. मूळ झाड 2002 मध्ये मूळकुजीने गेले. आजची हासची सर्व झाडे त्याचीच कलमे आहेत. असे भाग्य लाखांतील एखाद्या बीला लाभते. परसात एकाच झाडापुरती जागा असेल, तर खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमी रोप आणावे. त्याला तीन-चार वर्षांत फळ धरते. घरी उगवलेले रोपही वाया जात नाही. पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्यावर ओळखीच्या चांगल्या झाडाच्या काडीचे पाचर कलम करता येते.

माती आणि पाणी

थंडीपेक्षाही अधिक झाडे साचलेल्या पाण्याने मरतात. 'फायटोफ्थोरा सिनॅमोमी' हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओल्या, कोंदट मातीत मुळे कुजवतो. याचे वर्णन प्रथम 1922 मध्ये सुमात्रातील दालचिनीच्या झाडांवरून करण्यात आले, हेही या कुलाच्या नात्याला धरूनच आहे. लागवडीपूर्वी दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेले दिसले, तर ती जागा सोडावी किंवा फूट-दीड फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात धो-धो पाऊस कोसळतो, ही दक्षता अपरिहार्य होय.

झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या वीत-भर मातीतच पसरतात. म्हणून बुंध्याभोवती कुदळ चालवू नये. पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. पाणी बेताने पण नियमित द्यावे.

थंडीपासून राखण

पहिले दोन-तीन हिवाळे महत्त्वाचे असतात. थंड हवा जड असल्यामुळे रात्री खोलगट जागी साचते; तेव्हा घळीत किंवा कुंपणाच्या तळाशी झाड लावू नये. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळची जागा उत्तम, कारण दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. पारा उतरण्याची चिन्हे दिसताच माती ओली करावी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते. खोडाला गोणपाट गुंडाळावे आणि रात्री झाडावर कापड टाकून सकाळी काढावे. थंडीच्या तोंडावर नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी जळते. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. उन्हाळ्याच्या आरंभी नवे डोळे कोठे फुटतात ते पाहून छाटणी करावी.

ज्या देशांत हिवाळाभर बर्फ असते, तेथे झाड मोठ्या कुंडीत वाढवून थंडीत घरात, भरपूर उजेडाच्या खिडकीशी ठेवावे लागते. अशा झाडापासून हिरवी शोभा निश्चित मिळते. फळाची आशा मात्र फारशी धरू नये.

मोहोर आणि फळ

ॲव्होकॅडोचे प्रत्येक फूल दोनदा उमलते: प्रथम मादी म्हणून, मग मिटून दुसऱ्या दिवशी नर म्हणून. 'अ' गटातील झाडांची फुले सकाळी मादी व दुसऱ्या दिवशी दुपारी नर असतात. 'ब' गटात पहिल्या दिवशी दुपारी मादी व दुसऱ्या दिवशी सकाळी नर. हास 'अ' गटातील, फ्युएर्ते 'ब' गटातील. दोन्ही गटांची झाडे जवळ असतील तर मधमाश्यांचे काम सुकर होते. थंड हवेत हे वेळापत्रक विस्कळीत होते. त्यामुळे एकट्या झाडावरही काही फळे धरू शकतात. परंतु मोहोराच्या काळात रात्री फार गारठ्याच्या असतील तर फळधारणा खालावते.

फळ झाडावर पिकत नाही. तोडल्यानंतरच मऊ होते. ते तयार झाले की नाही हे ठरवण्यासाठी एक फळ देठासह उतरवून घरात ठेवावे. आठ-दहा दिवसांत न सुरकुतता मऊ पडले, तर बाकीची उतरवण्यास हरकत नाही. याची पाने व साल यांत गुरे, शेळ्या आणि पाळीव पक्षी यांना अपायकारक असे द्रव्य असते. छाटलेल्या फांद्या गोठ्यात टाकू नयेत.

परसातील एका कोपऱ्याची दहा वर्षे या झाडाला द्यावी लागतात. आपल्या गावची सर्वांत थंड रात्र किती थंड असते आणि पावसाचे पाणी अंगणातून कोठे जाते, या दोन गोष्टी ज्याने आधी पाहून ठेवल्या, त्याची ती वर्षे सहसा फुकट जात नाहीत.