इंटरनेटवर आलं म्हणजे हक्क मिळाला?

सरकारी कामं ऑनलाइन झाली, आंदोलनं फेसबुकवर गेली आणि खरेदी मोबाइलवर आली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. त्याबरोबर काही समजुतीही रुजल्या, काही अतिउत्साहाच्या तर काही धास्तीच्या. बहुतेकांचं मूळ एकच आहे: जे कायद्याने घडवलं किंवा बिघडवलं, त्याचं श्रेय किंवा खापर आपण इंटरनेटच्या माथी मारतो. अशा काही समजुतींचा हा समाचार.

‘ऑनलाइन मोहिमांनी काही होत नाही’ आणि ‘ज्याचे ईमेल जास्त, तो जिंकला’

या दोन समजुती एकमेकींच्या अगदी उलट, पण एकाच प्रकरणात दोन्ही खोट्या ठरल्या. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांचं नियमन कसं करावं, त्यांच्यासाठी मोबाइल कंपन्यांना वेगळे पैसे घेऊ द्यावेत का, अशा प्रश्नांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मार्च २०१५ मध्ये लोकांची मतं मागवली. त्यासाठीचा मसुदा ११८ पानांचा, प्रश्न वीस आणि भाषा अशी की वकिलालाही घाम फुटावा. काही स्वयंसेवकांनी त्याचा अर्थ सोप्या शब्दांत मांडला, उत्तरं तयार करून एका संकेतस्थळावर ठेवली आणि पाठवायची सोय करून दिली. ‘एआयबी’ या विनोदी मंडळींच्या व्हिडिओने विषय कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत नेला. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ‘ट्राय’कडे दहा लाखांहून जास्त ईमेल जमा झाले. पुढे ‘ट्राय’ने ते सगळे, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट, जाहीर करून टाकले आणि नागरिकांनी मत दिल्याचं बक्षीस म्हणून त्यांचे पत्ते जाहिरातवाल्यांच्या हाती आयते पडले. खासगी माहितीचं भान आपल्याकडे तेव्हा किती होतं, हे कळायला तेवढं पुरे.

खरी गंमत पुढच्या फेरीत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ‘ट्राय’ने पुन्हा मतं मागवली. या वेळी प्रश्न होता, काही संकेतस्थळं फुकट किंवा स्वस्त आणि बाकीची महाग, असा भेद दरांमध्ये चालेल का. निवडक संकेतस्थळं फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना नेमकी यातच अडकत होती. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, शहरांत फलक लावले आणि आपल्या वापरकर्त्यांना एका टिचकीत ‘ट्राय’ला तयार मजकूर पाठवता येईल अशी व्यवस्था केली. सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या १८ लाखांहून जास्त या योजनेच्या बाजूने होत्या. मोजणीवर निकाल लागायचा असता तर तो तिथेच लागला असता.

‘ट्राय’ने मात्र फेसबुकला कळवलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या संदेशांत नाहीत, आणि सल्लामसलत म्हणजे जनमत चाचणी नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला: मजकूर पाहून दरात भेद करायचा नाही, केल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. विरोधाची बाजू तरली ती तिच्याकडच्या युक्तिवादांमुळे. शिवाय ‘ट्राय’च्या कायद्याने पारदर्शक कारभाराचं बंधन घातलेलं असल्यामुळे आलेली मतं वाचणं आणि निर्णयाची कारणं देणं त्यांना भागच होतं. ज्या खात्यावर असं बंधन नाही, तिथे दहा लाख ईमेल थेट कचऱ्यात जाऊ शकतात. तेव्हा एखाद्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या असतील तर तयार मजकूर पुढे पाठवण्याऐवजी स्वतःच्या अनुभवाच्या चार ओळी पाठवाव्यात.

‘ग्रुपवर काही आलं की ॲडमिन आत’

ही भीती गावोगावी आहे आणि तिला कारणही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तर तिच्या मैत्रिणीने त्या पोस्टला फक्त ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. ‘त्रासदायक’ किंवा ‘फार आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्रासदायक म्हणजे काय हे कुठेच स्पष्ट केलेलं नाही. असं हे कलम होतं.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं. कलम गेलं, पण ठाण्यांतल्या टेबलांवरून ते जायला तयार नव्हतं. रद्द झालेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढून सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. दिल्लीतला निकाल जिल्ह्यातल्या ठाण्यापर्यंत पोचायला सात वर्षं पुरली नाहीत, तेही इंटरनेटच्या जमान्यात!

ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू होता, आधीच संगनमत होतं, हे दाखवावं लागतं. ग्रुपमधून कुणाला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, एवढ्याने गुन्हा होत नाही.

म्हणून वाटेल ते लिहायला मोकळीक आहे असंही नाही. भारतीय न्याय संहितेत समाजा-समाजांत वैर पसरवण्याचं कलम १९६ आणि बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि ती कागदाला लागू होतात तशीच पडद्यालाही.

‘सरकारला वाटलं की नेट बंद करता येतं’

कायद्यानुसार, नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून झालेल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करावा लागेल आणि त्याला न्यायालयात आव्हान देता येईल. आताच्या नियमांनुसार एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस असून पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो तपासायचा असतो. अमरावतीकरांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अशी बंदी अनुभवली आहे. प्रत्यक्षात अडचण नोंदींची आहे. देशात कुठे किती वेळा नेट बंद झालं याची एकत्रित नोंद केंद्र सरकार ठेवत नाही, यावर संसदेच्या स्थायी समितीनेच २०२१ मध्ये बोट ठेवलं. ज्याची नोंदच नाही, त्याचा हिशेब कोण मागणार?

‘सातबारा ऑनलाइन आला, आता तलाठ्याचं काय काम?’

महाराष्ट्रात डिजिटल कारभाराचं सर्वांत मोठं यश कोणतं म्हणाल तर सातबारा. एकेकाळी ज्या उताऱ्यासाठी चावडीवर खेटे घालावे लागत, तो आज १५ रुपयांत घरबसल्या निघतो. पण त्यात एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत, कचेरीत किंवा कोर्टात चालतो तो डिजिटल स्वाक्षरीचा. त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो आणि त्यावरून उतारा अस्सल आहे की नाही हे कुणालाही तपासता येतं. त्याला वेगळा शिक्का किंवा सही लागत नाही. कुणी मागितलीच तर नम्रपणे नकार द्यावा.

दुसरा समज जास्त महागात पडतो. ऑनलाइन नाव दिसलं म्हणजे मालकी पक्की, असं धरून व्यवहार होतात. महसुली नोंद मुळात सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठी असते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती खरी आहे असं गृहीत धरलं जातं, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी मिळत नाही आणि जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. म्हणून जमीन घेणाऱ्याने उताऱ्यावरचं नाव वाचून थांबू नये. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम असं काही आहे का ते पाहावं, आणि उताऱ्यावर दिलेले जुने फेरफार एकेक काढून वाचावेत. ते फेरफारही आता बऱ्याच ठिकाणी स्कॅन करून ठेवलेले सापडतात. इंटरनेटचा खरा उपयोग इथे आहे.

राहिला तलाठी, आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. खरेदीखत नोंदवलं की माहिती दुय्यम निबंधकाकडून संगणकावरून आपोआप पुढे जाते, हे खरं. पण पुढे संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करणं हे टप्पे माणसांचेच आहेत. उलट एक काम शेतकऱ्याच्या गळ्यात पडलं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो काढून नोंद त्यानेच करायची. रेंज नसलेल्या शिवारात उभं राहून हे करणाऱ्याला ‘डिजिटल सोय’ हा शब्द ऐकवून पाहा.

दाखल्यांसाठीचं ‘आपले सरकार’ संकेतस्थळही असंच. त्यामागचं बळ आहे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही किंवा कारण न देता नाकारला तर दोन अपिलं आणि मग सेवा हक्क आयोग, अशी चढण आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ऑनलाइन अर्जाने एक गोष्ट बदलली: अर्ज कधी आला हे आता कुणाला नाकारता येत नाही. मुदत उलटली तरी अपील करणारे मात्र थोडेच. बाकीचे पुन्हा एजंटकडे जातात.

‘सगळं वेबसाइटवर असताना माहितीचा अधिकार कशाला?’

वेबसाइटवर काय टाकायचं हे कार्यालय ठरवतं, आणि माहितीच्या अधिकारात काय विचारायचं हे आपण ठरवतो. फरक एवढाच, पण तोच सगळा आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी हा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ ने कार्यालयांना बरीच माहिती आपणहून जाहीर करायला सांगितली आहे. प्रत्यक्षात अनेक संकेतस्थळांवर बदली झालेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी एवढंच सापडतं. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असलेला अर्ज आजही तितकाच लागतो.

या हक्काला धक्का बसला तो खासगीपण जपण्यासाठी आलेल्या कायद्यामुळे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, असं अधिकाऱ्याला दाखवावं लागे; तरीही व्यापक जनहित असेल तर ती देता येई. आता त्या कलमात फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे; अर्ज किंवा अपील करताना त्याचा उल्लेख जरूर करावा. माझ्या मते हा सौदा नागरिकाच्या तोट्याचा आहे. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची सवलत मिळाली, आणि माहिती नाकारण्याची सोय मात्र लगेच झाली. २५० कोटींपर्यंतचा दंडही सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही मिळणार नाही.

‘ऑनलाइन फसलो, आता कुणाकडे जाणार?’

खात्यातून पैसे गेले तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला आणि दुसरा बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं दायित्व शून्य. स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी दिसली तरी फोन ठेवून द्यावा.

खरेदीतल्या फसवणुकीचं वेगळं आहे. कंपनी बंगळुरूची किंवा गुरुग्रामची, मग तक्रार तिथे जाऊन करायची का? मुळीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ‘ई-जागृती’वर ऑनलाइनही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहक पंचायतींनी १९७० च्या दशकापासून ज्यासाठी भांडण केलं, ते निदान कागदावर तरी हाती आलं आहे. १९१५ ही हेल्पलाइन म्हणजे आयोग नव्हे. ती कंपनीशी बोलून मार्ग काढायचा प्रयत्न करते, निकाल देत नाही.

‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत सरकवलेला विमा, सदस्यत्व रद्द करण्याचं बटण लपवणं, अशा तेरा युक्त्या केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी बेकायदा ठरवल्या आहेत. अशी युक्ती दिसली तर पैसे भरण्याआधीच पडद्याचा फोटो काढून ठेवा. नंतर तो पडदा बदललेला असतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. ते झालं नाही तर आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.