ओढे गिळणारा मुलूख

६ डिसेंबर २०१५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या मालम गावाजवळ एका कड्यावरून धबधबा कोसळला आणि त्याची बातमी झाली. यात बातमी कसली, असे आपल्याकडच्या ट्रेकरला वाटेल. आषाढ लागला की सह्याद्रीच्या प्रत्येक कड्यावरून पाणी उड्या घेते. पण सुमारे ८० मीटर उंच आणि ३०० मीटर रुंद अशा या ‘मालम कोव्ह’वरून पाणी पडताना गावातल्या हयात माणसांपैकी कोणीच पाहिले नव्हते. तसा मालमच्या या यॉर्कशर डेल्स भागात पावसाला तोटा नाही. डेस्मंड वादळाने मात्र तो इतका ओतला की जमिनीखालच्या वाटा तुंबल्या आणि पाण्याला नाइलाजाने वरून वाहावे लागले. काही तासांत सगळे पूर्ववत झाले. कडा कोरडा पडला आणि पायथ्याच्या फटीतून ओढा नेहमीसारखा बाहेर पडत राहिला.

या भागात पायी हिंडायचे तर डोंगर किती उंच हे विचारण्यात अर्थ नाही. इथल्या सुप्रसिद्ध तीन शिखरांपैकी सर्वांत उंच व्हर्नसाइड अवघे ७३६ मीटर आहे. आपली कळसूबाई १६४६. इथे विचारायचे ते एवढेच, की पाणी कुठे गेले?

उत्तर खडकात आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस काळात, ही जमीन विषुववृत्ताजवळ एका उबदार, उथळ समुद्राखाली होती. त्या समुद्रातल्या शिंपल्यांचे, प्रवाळांचे आणि इतर जीवांचे चुनखडीयुक्त अवशेष तळाशी साचत गेले आणि त्यांचा चुनखडक झाला. आपला बेसाल्ट पाण्याने झिजतो, पण विरघळत नाही. चुनखडक विरघळतो. पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. खडकाच्या उभ्या-आडव्या सांध्यांत ते शिरले की सांध्याची फट होते, फटीची नळी आणि हजारो वर्षांनी नळीची गुहा. मग वरून येणारा ओढा जमिनीवर कशाला थांबेल?

हे सगळे एका दिवसात पाहायचे असेल तर मालमहून निघून मालमलाच परतणारा वळसा घ्यावा; साधारण १२-१३ किलोमीटर. बहुतेक लोक गावातून थेट कड्याखाली जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. माझ्या मते हे चुकते. कडा शेवटी ठेवावा. आधी पूर्वेकडे ओढ्याच्या काठाने ‘जॅनेट्स फॉस’ नावाच्या छोट्या धबधब्याकडे जावे. त्याच्या मागच्या गुहेत पऱ्यांची राणी राहते अशी लोककथा आहे. राणी दिसली नाही तरी धबधब्याखालचा फुगीर, शेवाळलेला खडक नीट पाहावा. तो पाण्याने कापलेला नाही, पाण्यानेच बांधलेला आहे. चुना पोटात घेऊन आलेले पाणी इथे उसळते, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुना खाली बसतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, त्याचेच हे मोठे भावंड. या खडकाला टुफा म्हणतात.

पुढे गॉर्डेल स्कार. वळण घेईपर्यंत काही दिसत नाही आणि मग दोन्ही बाजूंनी शंभर मीटरच्या आसपास उंचीचे कडे डोक्यावर झुकतात. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १८१२ ते १८१४ या काळात याचे चित्र काढले, ते तीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे ते आहे. अवाढव्य गुहेचे छत कोसळून ही घळ झाली असे पूर्वी मानत. आता हिमयुगातल्या बर्फाच्या वितळपाण्याने ती कापली असे मानतात. घळीतल्या धबधब्याच्या कडेने हातापायांनी चढून वर जाता येते, पण पाणी जास्त असेल तर तो नाद सोडावा आणि बाजूच्या वाटेने पठार गाठावे.

पठारावर समोर येते ते चक्क तळे! ओढे गिळणाऱ्या मुलखात ३७७ मीटर उंचीवर मालम टार्न भरलेले कसे? इथे भूकवचातल्या एका मोठ्या भ्रंशाने, नॉर्थ क्रेव्हन फॉल्टने, खालचा जुना सिल्युरियन स्लेट वर आणून ठेवला आहे. तो पाणी झिरपू देत नाही, म्हणून तळे टिकते. तळ्यातून बाहेर पडणारा ओढा मोठ्या डौलात दक्षिणेकडे निघतो, भ्रंशरेषा ओलांडून चुनखडकावर येतो आणि जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर दगडगोट्यांत जिरून जातो. आवाज नाही, खड्डा नाही. नकाशावर त्या जागेचे नाव आहे ‘वॉटर सिंक्स’.

यापुढची वाट सर्वांत विचार करायला लावणारी. वॉटलोज ही दोन्हीकडे कडे असलेली खरीखुरी दरी आहे आणि तिच्यात ओढा नाही. मग ती कापली कोणी? हिमयुगाच्या अखेरीस इथली जमीन खोलवर गोठलेली होती. फटींत बर्फ होता, खाली जायच्या वाटा बंद होत्या, त्यामुळे वितळलेले पाणी वरूनच धावले. त्याने ही दरी कोरली आणि तिच्या टोकाला मालम कोव्हवरून ते कोसळत राहिले. जमीन वितळली, फटी उघडल्या आणि दरी कोरडी पडली. २०१५ च्या त्या दिवशी कड्याने आपले जुने काम काही तास पुन्हा केले होते.

कड्याच्या माथ्यावर खडकाची फरसबंदी आहे. हिमनदीने माती खरवडून नेली, उघड्या पडलेल्या खडकाचे पाण्याने ठोकळे पाडले. ठोकळ्यांना इथले लोक क्लिंट म्हणतात, मधल्या खोल चरांना ग्राइक. वर मेंढ्या आणि वारा काही उगवू देत नाहीत. चरांत वाकून पाहिले तर ओलसर सावलीत नेचे आणि जंगलातल्या वनस्पती वाढलेल्या दिसतात. हेच ठोकळे बागेत सजावटीला म्हणून कित्येक वर्षे उचलून विकले गेले. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात अशा फरसबंदीला संरक्षणाची खास तरतूद करावी लागली, ती त्यामुळे.

पायऱ्यांनी खाली उतरून पायथ्याच्या ओढ्यापाशी आलात की वाटेल, हेच ते तळ्यातून निघून हरवलेले पाणी. सगळ्यांना तसेच वाटत असे. पाण्यात रंग सोडून पाहिले तेव्हा कळले, की तळ्याचे पाणी मुख्यतः गावाच्याही खाली, एअर हेड इथल्या झऱ्यांतून वर येते. कड्याखालचा ओढा येतो पठारावर दुसरीकडे, एका जुन्या शिसे गाळण्याच्या भट्टीजवळ जिरलेल्या पाण्यातून. दोन्ही प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात.

हाताशी आणखी दिवस असेल तर ऑस्टविकजवळचे नॉर्बर सोडू नये. तिथे सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे गडद धोंडे त्यांच्याहून दहा कोटी वर्षांनी तरुण असलेल्या चुनखडकावर बसले आहेत. हिमनदीने ते सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी आणून टाकले. आजूबाजूचा खडक पावसाने विरघळत गेला, धोंड्याखालचा मात्र छत्रीखाली राहिला. म्हणून कित्येक धोंडे आज फूटभर उंचीच्या चौथऱ्यावर आहेत. तिथून जवळच इंगलबरो डोंगराच्या उतारावर गेपिंग गिल नावाच्या विवरात फेल बेक हा ओढा ९८ मीटर खोल उडी घेतो. फ्रेंच गुहासंशोधक एदुआर मार्तेल १८९५ मध्ये दोरशिडीने तिथे तळापर्यंत उतरणारा पहिला माणूस. आता मे आणि ऑगस्टमध्ये स्थानिक क्लब काही दिवस यांत्रिक पाळणा लावून हौशी लोकांना खाली सोडतात.

चुनखडक आपल्याकडेही आहे. चंद्रपूर-यवतमाळ भागातला पैनगंगा गटाचा खडक तर यॉर्कशरच्या खडकापेक्षा कितीतरी जुना. आपण त्याला ओळखतो तो सिमेंटच्या पोत्यातून. खाणीपलीकडे तो कसा दिसतो, त्यावर पाणी कसे वागते, हे पाहायला फारसे कोणी जात नाही, याची खंत वाटते.

लीड्स किंवा मँचेस्टरला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी लंडनचा एक दिवस कापून मालमला द्यावा. लीड्सहून स्किप्टनपर्यंत रेल्वे आहे, पुढचे अंतर मोटारीने अर्ध्या तासाचे. बूट चांगल्या पकडीचे हवेत. आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर त्या फरसबंदीवर चढू नका. हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला ओला चुनखडक भयंकर निसरडा असतो, आणि दोन ठोकळ्यांमधल्या चरात पाय गेला तर तो मोडूनच वर येतो.